मनाच्या आजारावर झाडपाला : खरे किती, खोटे किती?

गेल्या पौर्णिमेला विहारातून बाहेर पडताना एका बाईंनी आम्हाला थांबवले. पदराच्या टोकात बांधलेली कागदाची पुडी त्यांनी सोडून दाखवली. आत मातकट रंगाचे चूर्ण होते. बाई म्हणाल्या, "जयभीम दादा. आमच्या ह्यांची कंपनी बंद झाली तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवत नाहीत, झोपत नाहीत, पोरांशी बोलत नाहीत. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तीन आठवडे झाले. पण शेजारच्या मावशी म्हणतात, त्या गोळ्या सवयीच्या असतात, माणूस त्यांचा गुलाम होतो. हे चूर्ण झाडपाल्याचे आहे, त्याचा अपाय नाही. गोळ्या बंद करून हेच सुरू करू का?"

हा प्रश्न एकट्या त्या बाईंचा नाही. वस्तीवस्तीतून, चाळीचाळीतून तो विचारला जातो. कुणी केशर सांगतो, कुणी हळदीचे दूध, कुणी अश्वगंधा, कुणी परदेशी फुलांच्या गोळ्या. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर याच विषयाचा नीट विचार करावा असे आम्ही ठरवले.

जीवकाची परीक्षा

झाडपाला म्हणजे थोतांड असे आम्ही म्हणणार नाही. विनयपिटकात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने गुरूंना विचारले, माझे शिक्षण कधी संपणार? गुरूंनी त्याच्या हातात खुरपे दिले आणि सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. गुरू म्हणाले, तुझे शिक्षण पुरे झाले. हाच जीवक पुढे भगवान बुद्धांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला.

या गोष्टीतले अर्धेच लोक सांगतात. प्रत्येक झाडात औषध आहे एवढेच त्यांना आठवते. पण ते ओळखायला जीवकाला सात वर्षे लागली हे विसरले जाते. कोणते झाड, त्याचे मूळ की पान, किती मात्रेत, कोणत्या रोग्याला, आणि कुणाला मुळीच नाही, हे ज्याला कळते त्याच्या हाती झाड औषध होते. फूटपाथवर चादर टाकून बसलेल्याच्या हाती ते औषध होईलच असे नाही.

नैराश्य म्हणजे नेमके काय?

दुःख झाले, माणूस रडला, दोन दिवस जेवला नाही, याला आजार म्हणत नाहीत. नोकरी गेली, घरात मयत झाली, मुलगी सासरी नांदेना, तर दुःख होणारच. पण दवाखान्यात ज्याला डिप्रेशन म्हणतात ते नैराश्य वेगळे. दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि हे सलग दोन आठवड्यांहून अधिक चालणे, ही त्याची मुख्य खूण. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार येते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असे वाटू लागते, आणि शेवटी मरणाचे विचार येतात.

आपल्याकडे कष्टकरी माणूस "मन उदास आहे" असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड आहे, छातीत धडधडते, अंग मोडून येते, पोटात कालवते. मग तो एकामागून एक तपासण्या करत फिरतो आणि पैसा खर्च होतो. बाई असली तर "अंगात आले", "बाहेरचे लागले" म्हणून मांत्रिकाकडे नेली जाते. बंगलोरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. तिच्यात दर वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठल्याचे दिसले. म्हणजे वीस खोल्यांच्या चाळीत एकाहून अधिक घरांत हा आजार येऊन गेला असणार. मनाच्या आजाराच्या बहुसंख्य रोग्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हेही त्याच पाहणीत आढळले.

सर्पगंधेची कथा

मनावर काम करणाऱ्या वनस्पतींमध्ये आपल्या देशाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे सर्पगंधा. बिहार आणि उत्तरेकडच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तिचे मूळ पिसाट झालेल्या रोग्याला शांत करण्यासाठी देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोग होतो, असे डॉक्टरी मासिकात लिहिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचे आपले अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक मासिकात छापले आणि सगळ्या जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. डॉक्टर वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

एवढे सगळे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पण यापुढचा भाग प्रत्येक घराने ऐकावा. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणाऱ्या काही रोग्यांना त्याच दशकात खोल उदासी येऊ लागल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. हे द्रव्य मेंदूच्या पेशींमधला सेरोटोनिन, डोपामाईन आणि नॉरॲड्रेनालिन यांचा साठा रिता करते, हे त्यानंतर समजले. मनाची उदासी आणि मेंदूतली ही रसायने यांचा संबंध असावा, या विचाराला त्यातूनच जोर मिळाला. आजच्या नैराश्याच्या गोळ्यांच्या संशोधनामागे तो विचार आहे. रेसरपिनमुळे नैराश्य येतेच का, यावर नंतर वाद झाले आणि पहिल्यांदा वाटले तेवढा तो संबंध पक्का नाही असेही दिसले. तरी ज्याला नैराश्य आहे किंवा पूर्वी होऊन गेले आहे त्याला हे औषध देऊ नये, ही सूचना कायम आहे.

आता विचार करा. "मन शांत करणारी जडी" म्हणून कुणी सर्पगंधेचे मूळ कुटून दिले आणि घरातल्या उदास माणसाने ते घेतले तर? ते अस्सल असेल, नैसर्गिक असेल, आपल्याच मातीतले असेल, आणि तरीही त्याच्यासाठी घातक ठरू शकेल. झाडपाल्याचा अपाय नसतो हे म्हणणे इथेच खोटे पडते. ज्या वस्तूत गुण करण्याची ताकद आहे तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असतेच.

युरोपचे पिवळे फूल

सेंट जॉन्स वॉर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे एक झुडूप युरोपात उगवते. आपल्याकडे हिमालयाच्या पश्चिम भागातही ते आढळते. जर्मनीत सौम्य आणि मध्यम नैराश्यावर डॉक्टर ते लिहून देत आले आहेत. झाडपाल्यांपैकी सर्वांत जास्त तपासणी याचीच झाली. २००८ साली अशा २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत सुमारे साडेपाच हजार रोगी होते. खोट्या गोळीपेक्षा हे झुडूप सरस आणि नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीचे ठरले, त्रासही कमी दिसला. मात्र जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत निकाल जास्त चांगले होते. २००२ साली अमेरिकेत ३४० रोग्यांवर झालेल्या चाचणीत हे झुडूप खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरले नाही. त्याच चाचणीत नेहमीची गोळीही मुख्य मोजणीत वरचढ ठरली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खोटी गोळी म्हणजे काय, तर दिसायला औषधासारखी पण आत औषध नसलेली. अशी तुलना करावी लागते, कारण नैराश्य पुष्कळदा काळाबरोबर ओसरते आणि "औषध चालू आहे" या आशेनेही माणसाला थोडा आराम पडतो. त्या दिवसांत जे हाती असेल त्याला श्रेय मिळते, मग ते चूर्ण असो, अंगारा असो की गंडा. "अमक्याला गुण आला" हा पुरावा म्हणून अपुरा पडतो. ऐकीव आहे म्हणून किंवा परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. औषधालाही तोच नियम लावावा.

या पिवळ्या फुलाचा मोठा धोका वेगळाच आहे. ते यकृताला इतर औषधे लवकर मोडून टाकायला लावते. त्यामुळे एचआयव्हीची औषधे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बसवलेला अवयव टिकवणारी औषधे आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या यांचे बळ कमी होते. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या दोन रोग्यांची हकिकत छापून आली. त्यांनी हे झुडूप घेतल्याने शरीर बसवलेले हृदय नाकारू लागले होते. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर ते घेतले तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून जिवावर बेतू शकते. म्हणजे "दोन्ही घेऊन बघू" हा आपला नेहमीचा उपाय इथे सर्वांत वाईट.

केशर, हळद आणि आस्कंद

केशराचे नाव घेतले की गरिबाला हसू येते. एका फुलात तीनच काड्या असतात आणि एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुले खुडावी लागतात. इराणमध्ये तेहरानच्या डॉक्टरांनी २००४-०५ च्या सुमारास केशराच्या चाचण्या घेतल्या. रोज ३० मिलिग्रॅम अर्क सहा आठवडे दिल्यावर सौम्य ते मध्यम नैराश्यात नेहमीच्या गोळ्यांइतका गुण दिसला. ही आशादायक गोष्ट आहे. पण एकेका चाचणीत रोगी जेमतेम तीस-चाळीस होते आणि दिवस थोडे होते. शिवाय बाजारात केशर म्हणून मिळते ते पुष्कळदा रंगवलेले मक्याचे केस नाहीतर करडईच्या पाकळ्या असतात. पोराच्या शाळेची फी मोडून अशी डबी आणण्यात अर्थ नाही.

हळदीची चाचणी आपल्या शेजारी गुजरातेत, भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झाली आणि २०१४ साली छापून आली. साठ रोग्यांचे तीन गट केले होते. एका गटाला फ्लुओक्झेटिनची गोळी, दुसऱ्याला हळदीतले करक्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गटांत रोग्यांना गुण आला आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र खोट्या गोळीचा गट त्यात नव्हता, म्हणून पक्के काही सांगता येत नाही. हिशेबही पाहा. तिथे रोज १००० मिलिग्रॅम करक्युमिन दिले होते. आपल्या हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते. म्हणजे तेवढ्यासाठी रोज ३० ग्रॅमहून जास्त हळद खावी लागेल, आणि शरीरात तिच्यातले फारच थोडे शोषले जाते. रात्री कपभर हळदीचे दूध प्यायला हरकत नाही. घशाला बरे वाटेल, झोपताना कुणी प्रेमाने कप हातात दिला तर मनालाही बरे वाटेल. पण ते नैराश्याचे औषध नव्हे. जास्त शोषली जावी म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या तीव्र गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे अलीकडे नोंदले गेले आहे.

अश्वगंधा, म्हणजे आपल्या जुन्या माणसांचा आस्कंद, ताण आणि झोप यांवर थोडाफार उपयोगी पडतो असे काही लहान चाचण्यांत दिसले. खऱ्या नैराश्यावर त्याचा पुरावा तोकडा आहे. गरोदर बाईने तो घेऊ नये. थायरॉईडचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यानेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

भांग आणि धोतरा यांचे नाव तर काढूच नका. भांगेने तासभर हलके वाटते आणि नंतर मन आणखी खचते, काहींना भास होऊ लागतात. धोतऱ्याच्या बिया सरळ विष आहेत. आयुर्वेदिक औषधांच्या कायद्यातच या दोन्हींची गणना विषारी द्रव्यांत केली आहे.

पुडीत काय आहे?

त्या बाईंच्या पुडीवर नाव नव्हते, घटक नव्हते, तारीख नव्हती. आमचा पहिला आक्षेप तोच. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली तेव्हा सुमारे दर पाचांत एका औषधात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ही छापील वेष्टनातल्या औषधांची गत, तर बिननावाच्या पुडीचे काय सांगावे? मेंदूचे विकार हमखास बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चमत्काराने आजार बरे करण्याच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांवर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा दाखल होतो. हे दोन्ही कायदे वस्तीतल्या तरुणांनी माहीत करून घ्यावेत.

ज्यांना आयुर्वेदाचाच उपचार हवा असेल त्यांनी पदवीधर, नोंदणी झालेल्या वैद्याकडे जावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवाव्यात. वैद्याचे औषध सुरू केले तर तेही डॉक्टरांना सांगावे. लपवाछपवी करू नये.

गोळ्यांविषयी गैरसमज

दवाखान्यातल्या नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. दारू-गांजासारखी त्यांची तल्लफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, सुस्ती असा त्रास मात्र आधी जाणवतो. नेमक्या याच काळात घरचे लोक "गुण नाही, उलट त्रासच" म्हणून गोळ्या टाकून देतात. बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. एकाएकी बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटू शकतो. थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत. फ्लुओक्झेटिन, एस्सिटालोप्राम, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पुष्कळदा ती जडीबुटीच्या डबीपेक्षा स्वस्त पडतात.

गोळी हाच एकमेव उपाय आहे असेही नाही. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठे काम झाले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी रोग्यांशी सहा ते आठ बैठका केल्या. सोडून दिलेली छोटी छोटी कामे पुन्हा कशी सुरू करायची, कुणाला भेटायचे, दिवस कसा आखायचा, एवढेच त्यांत होते. २०१७ साली निकाल छापून आला. नुसत्या नेहमीच्या उपचारात शंभरात ३९ जण आजारातून बाहेर आले होते, या बैठकांची जोड मिळाल्यावर ६४. आपल्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी हे लक्षात घ्यावे. नीट शिकून घेतले तर असे काम आपल्या वस्तीतही उभे राहू शकते.

घरच्यांनी काय करावे?

"मन घट्ट कर", "बाप्यामाणसाने रडायचे नसते", "तुला काय कमी आहे" असे म्हणू नये. जवळ बसावे, ऐकावे. रोज थोडे चालायला न्यावे. दारू घरात ठेवू नये. मरणाचे बोलू लागला तर हसण्यावारी नेऊ नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातले ओझे बोलायला वाट मिळते. तसे उत्तर आले तर माणसाला एकटे सोडू नये, उंदराचे औषध, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा त्याच्या हाती लागू देऊ नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनाच्या आजाराचा विभाग आहे. ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही. सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क झाला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो मोठ्या ताणाखाली होता असे धरावे, हेही त्याच कायद्यात आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका.

त्या बाईंना आम्ही एवढेच सांगितले की गोळ्या बंद करू नका, आणि ही पुडी केसपेपरबरोबर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. परवा त्या पुन्हा भेटल्या. डॉक्टरांनी पुडी बाजूला ठेवायला सांगितली, दिवसा सुस्ती येते म्हणून गोळीची वेळ रात्रीची करून दिली आणि पुढच्या खेपेला नवऱ्यालाही सोबत आणा म्हणाले. "अजून हसत नाहीत," बाई म्हणाल्या, "पण काल स्वतःहून नळावर पाणी भरायला उतरले. आल्यावर धाकटीला विचारले, तुझी शाळा कितीची?"

आजार अजून गेलेला नाही. पण वाट योग्य आहे. आपल्या शेजारच्या खोलीत असा कुणी भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसा, आणि दवाखान्याच्या दिवशी त्याच्याबरोबर रांगेत उभे राहायला कुणीतरी जा.